पूर्वेच्या भिंतीजवळचा लिंब

मे २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात परभणीहून आईचा फोन आला. "खिडकीवरच्या भेगेत आता पेन्सिल उभी राहते बघ," ती म्हणाली. भेग नवी नव्हती. दोन उन्हाळे झाले ती दिसत होती, पण पाऊस पडला की मिटायची, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नव्हतं. या वेळी मात्र पुण्याहून दादाने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की घराजवळचा लिंब, म्हणजे कडुनिंब, काढायचा. दोन दिवसांनी मिस्त्री येऊन गेला, तोही तेच म्हणाला. लाकूड कापणाऱ्यानेही झाडाला वेढा मारून अंदाज दिला: लाकूड त्याचं, वर आठ हजार रुपये मजुरी. आईने मला विचारलं, "तू यातली शिकलेली आहेस. तू काय म्हणतेस?"

मी सिव्हिल इंजिनियर आहे. लोकांच्या घरांतल्या भेगा बघून मत देणं हे माझं रोजचं काम आहे. तरीही आईच्या उशाशी असलेल्या भेगेबद्दल मला फोनवर उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, "काहीच करू नका, मी येते." पुढचं जवळजवळ दीड वर्ष आम्ही जे पाहिलं, मोजलं आणि ठरवलं, ते सगळं इथे लिहिते आहे. घराजवळचं जुनं झाड ठेवायचं की काढायचं, हा प्रश्न काळ्या जमिनीवर घर बांधलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा दोन दिवसांत, कुऱ्हाडवाल्याला विचारून दिलं जातं.

घर आणि झाड

बाबांनी १९८५ साली प्लॉट घेतला आणि पुढच्या वर्षी घर बांधलं. विटांच्या भिंती, त्यांच्यावर स्लॅब, खाली साधारण चार फूट खोल दगडी पाया. कॉलम-बीम काही नाही, सगळा भार भिंतींवर. पूर्वेला गल्ली आहे, गल्लीच्या कंपाउंडपासून घरापर्यंत अंगण, आणि त्या अंगणात लिंब. आमच्या भागात कडुनिंबाला नुसता लिंब म्हणतात. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर २.३ मीटर, उंची अंदाजे ११ मीटर, बुंध्यापासून घराच्या भिंतीपर्यंतचं अंतर ४.२ मीटर, कंपाउंडपर्यंत ३ मीटर. पूर्वेकडच्या दोन खोल्यांपैकी ईशान्येची खोली आईची. भेग त्याच खोलीत, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी निघून स्लॅबपर्यंत गेलेली. खिडकीपाशी केसाएवढी, वर स्लॅबखाली ६ मिलिमीटर.

भेगेचा हा आकारच बरंच काही सांगत होता. मिस्त्री म्हणाला होता, "मुळ्यांनी पाया उचललाय." हा समज सगळीकडे आहे. अंगणातल्या फरशा मुळं उचलतात, कंपाउंडची हलकी भिंतही ढकलतात, पण स्लॅबचा भार डोक्यावर घेतलेला पाया उचलणं त्यांना सहसा जमत नाही. आणि आमचा कोपरा वर आलाच नव्हता. भेग वर रुंद आणि खाली बारीक असली, की कोपरा खाली बसून बाहेरच्या बाजूला कलला असं समजायचं. म्हणजे पायाखालची माती आक्रसली होती. ती का आक्रसली, हे शोधायचं होतं.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या गावांत जमिनीची दोन नावं होती, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. घरं पांढरीत, पीक काळीत. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी मिळालं की ते फुगतं, वाळलं की आक्रसतं. मे महिन्यात मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतात उभं राहा, कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा दिसतात, आणि तेच शेत ऑगस्टमध्ये पाय ओढून घेतं. अशा जमिनीत भिंत उभी करू नये हे जुन्या माणसांना नीट माहीत होतं. ऐंशीच्या दशकात शहरं पसरली, शेतं एनए, म्हणजे बिगरशेती, झाली आणि प्लॉट पडले, तेव्हा आपण सगळे काळीत राहायला गेलो. बाबाही गेले.

ऋतूप्रमाणे ओल खाली-वर होण्याची ही हालचाल चार फुटांवर थांबत नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी बुडाशी फुगीर असलेले पाईल, म्हणजे जमिनीत खोल उतरवायचे काँक्रीटचे खांब, विकसित केले. त्या पाइलांच्या भारतीय मानकात खोल फुगीर जमिनीसाठी किमान लांबी साडेतीन मीटर सांगितली आहे, ती याच कारणासाठी. आमचा दगडी पाया त्याच्या एक तृतीयांशाइतका. त्यामुळे आमचं घर दर वर्षी थोडं हलतच आलं असणार. बाबा दिवाळीच्या आधी गिलाव्यातल्या बारीक भेगा भरून रंग द्यायचे, ते मला आठवतं. ६ मिलिमीटर मात्र कधीच नव्हतं.

धोपाटणं

पहिल्या दिवशी मी आधी झाड तपासलं. बुंध्याच्या पायथ्याशी अळंबी किंवा भूछत्रासारखं काही उगवलंय का, साल कुठे फुगली किंवा सुटली आहे का, माती एका बाजूला उचलली आहे का, हे पाहिलं. मग बुंधा ठोकून बघायचा होता. आतून पोकळ असला तर आवाज बदलतो. हातोडी नको, लाकडाचं काहीतरी दे, असं आईला म्हटलं. ती माळ्यावरून धोपाटणं घेऊन आली. धुवून धुवून गुळगुळीत झालेलं, कडेला चिरलेलं. "चार वर्षं झाली हे हातात घेऊन," ती म्हणाली. "मशीन आलं तेव्हापासून दगडच काढून टाकला."

मी पुढची दहा मिनिटं बुंध्याला गोल फिरत ठोकत राहिले. आवाज सगळीकडे भरीव, फक्त गल्लीच्या बाजूला गुडघ्याच्या उंचीवर वीतभर जागेत किंचित बोदा. पण माझं लक्ष आईच्या वाक्यात अडकलं होतं. धुण्याचा दगड घर आणि लिंब यांच्या मधोमध होता. १९८६ पासून २०२० पर्यंत रोज सकाळी तिथे पाच माणसांचं धुणं व्हायचं, त्याच्या शेजारी भांडी घासली जायची, आणि ते सगळं पाणी उघड्या चारीतून लिंबाच्या आळ्यात जायचं. उन्हाळ्यात गावाला पाणी आठ दिवसांनी आलं तरी साठवलेल्या पाण्यावर धुणं चालूच असायचं. म्हणजे चौतीस वर्षं ईशान्येचा कोपरा मे महिन्यातही पूर्ण वाळत नव्हता.

घर आणि लिंब अडतीस वर्षं शेजारी-शेजारी आहेत, मग भेग आत्ताच का? हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. मी वहीत तारखा मांडल्या. २०१९ ला गल्लीचा सिमेंटचा रस्ता झाला. २०२० ला वॉशिंग मशीन आलं, त्याचं पाणी पाइपाने थेट ड्रेनेजला जोडलं, दगड आणि चारी गेली. त्याच दिवाळीच्या सुमारास सगळ्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, अगदी बुंध्याला भिडवून. चिखल होऊ नये, आईचा पाय घसरू नये, म्हणून. पेव्हर बसवा हे मीच सुचवलं होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात भेग पहिल्यांदा दिसली.

लिंबाला बाहेरून पाणी मिळेना तेव्हा त्याने आहे तिथून ओढलं. घराखालची माती सावलीत असते, बाष्पीभवन कमी, त्यामुळे उन्हाळ्यात शेवटची ओल तिथेच उरते. मुळं तिकडे गेली.

खड्डा

हे सगळं खरं तर अजून अंदाजच होते, म्हणून दोन खड्डे घेतले. एक ईशान्येच्या कोपऱ्याला, एक झाडापासून सर्वांत लांबच्या नैर्ऋत्येच्या कोपऱ्याला. दोन्ही पाच फूट खोल, पायाला लागून, हाताने खणलेले.

ईशान्येच्या खड्ड्यात तीन फुटांखाली टिकाव वाजायला लागला. माती ढेकळांनी निघत होती, आणि ढेकूळ फोडलं की आतले पृष्ठभाग चकचकीत, जणू कुणी तेलाचं बोट फिरवलंय. फुगताना आणि आक्रसताना मातीचे थर एकमेकांवर घासतात, ती ही चकाकी. पायाच्या खालच्या दगडावर पातळ तांबूस मुळ्या चिकटलेल्या होत्या, वेणीतल्या सुटलेल्या केसांसारख्या. मुठीएवढं जाड मूळ एकही नाही. दगड त्यांनी हलवलेला नव्हता, त्या फक्त दगडाच्या अंगची ओल पीत होत्या. नैर्ऋत्येच्या खड्ड्यात, त्याच खोलीवर, माती हातात घेऊन चोळली तर तिची वात वळत होती. मे महिना, बाहेर ४४ अंश, एकाच घराचे दोन कोपरे, आणि एका कोपऱ्याखाली माती दगड झालेली तर दुसऱ्याखाली अजून ओली. घर त्या फरकामुळे फाटत होतं.

तिथेच आणखी एक गोष्ट सापडली. ड्रेनेजचा जुना चिनीमातीचा पाईप ईशान्येच्या कोपऱ्यावरून जात होता, आणि दोन सांध्यांत लिंबाच्या मुळांचा झुपका भरला होता. मुळं धडधाकट पाईप फोडत नाहीत, गळक्या सांध्यात शिरतात. पाईप बदलायचाच होता, त्याचं खापर झाडावर फोडण्यात अर्थ नव्हता.

माप

भेगेच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रू बसवले आणि दर महिन्याच्या दहा तारखेला कॅलिपरने त्यांच्यामधलं अंतर घ्यायचं ठरलं. ते काम शेजारच्या बारावीतल्या मुलाने मनापासून केलं. सोबत जुनी पद्धतही वापरली, भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरमध्ये बसवून तारीख लिहिली. भिंत हलली की काच तडकते, ते आईलाही कळतं. आणि बुंध्याला वर एक खूण करून तिथून ओळंबा सोडला. ओळंब्याचं टोक जमिनीवर जिथे आलं तिथे खुंटी मारली. झाड कलायला लागलं तर खुंटी आणि टोक यांत अंतर पडेल.

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास भूकंपाचा धक्का बसला. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता ४.५, परभणी-नांदेडपर्यंत भांडी वाजली. १९९३ ची किल्लारी आठवणारी माणसं इथे घराबाहेर यायला क्षणाचाही उशीर करत नाहीत. आईही अंगणात, लिंबाखाली येऊन उभी राहिली. दादाचा फोन, माझा फोन. मी विचारलं, काच? ती आत जाऊन बघून आली. काच शाबूत होती. त्याच दिवशी मापाची तारीख होती. मुलाने कॅलिपर लावला तर भेग ६.१ वरून ४.५ वर आली होती. जूनच्या पावसाने ती मिटायला लागली होती आणि धक्क्याचा तिच्यावर काही परिणाम दिसत नव्हता. सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत परभणीत अतिवृष्टी झाली. त्यानंतरचं माप २.६. मिटण्याच्या या हालचालीनेच पुढे एक काच तडकली, आम्ही दुसरी लावली.

उन्हाळ्यात उघडते आणि पावसात मिटते, ही मातीची भेग आहे हे आता नक्की झालं. दर वर्षी नुसती वाढतच जाणारी भेग असती, तर मी वेगळं लिहीत असते.

काढला तर काय होईल

दादाचं म्हणणं मला इथे पूर्ण मांडायचं आहे, कारण ते चुकीचं नव्हतं. तो म्हणाला, "माती, पाईप, सगळं मान्य. पण झाड पुन्हा लावता येतं. आईच्या खोलीवर पडलं तर काय करशील?" त्याला तसं वाटायला कारणही होतं. पेव्हर बसवताना गल्लीच्या बाजूची मनगटाएवढी दोन मुळं कामगारांनी तोडली होती. बोदा आवाज त्याच बाजूला येत होता, आणि त्याच बाजूची एक जाड फांदी शेंड्याकडून वाळत आली होती. गल्लीकडची मुळं कमजोर, म्हणजे गल्लीकडून वारा आला तर झाड घराकडे झुकणार. वळवाची वावटळ दिशा विचारून येत नाही.

काढायचा ठरवला तर काय, हेही तितक्याच गंभीरपणे पाहिलं. लिंब घराआधीचा आहे. हे कळलं समोरच्या काकांकडून. ते म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात हा माझ्या कमरेएवढा होता, माय. शेळ्यांनी दोनदा ओरबाडला, पुन्हा फुटला. तुझ्या बाबानं प्लॉट घेतला तवा मिठीत मावत होता." या एका आठवणीचे दोन परिणाम होते.

पहिला मातीचा. घर बांधलं तेव्हाच झाड तेरा-चौदा वर्षांचं होतं. म्हणजे पाया खणला ती माती आधीच झाडाने काही प्रमाणात कोरडी केलेली होती. असं झाड कापलं की त्याने ओढायचं थांबवलेलं पाणी मातीत साचत जातं आणि कोपरा हळूहळू वर यायला लागतो, एका पावसाळ्यात नव्हे, कित्येक वर्षं. भेग मिटते, लोक खूश होतात, आणि मग जमिनीची फरशी फुगते, दारं अडकतात, भिंतीत उलट्या भेगा जातात. झाड घरानंतर लावलेलं असेल तर हा धोका बराच कमी. लंडनची माती आपल्या काळीची लांबची बहीण, आणि १९७६ च्या कोरड्या उन्हाळ्यानंतर तिथे घराजवळच्या झाडांचा हा हिशेब फार बारकाईने केला गेला. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोची इमारतींमधल्या भेगांवरची १९८४ ची हस्तपुस्तिका आहे, एसपी २५. घराला लागून झाडं लावू नका असं ती सांगते. पण मोठं झाड आधीपासून जवळ आहे, त्रास देत नाही आणि माती आक्रसणारी आहे, तर शक्यतो त्याला हात लावू नका, हेही तीच सांगते. आमचं झाड चौतीस वर्षं त्रास देत नव्हतं.

दुसरा परिणाम कायद्याचा. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे शहरात स्वतःच्या अंगणातलं झाडसुद्धा वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या वरचं झाड हेरिटेज ट्री ठरतं, आणि तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. आमच्या हिशेबाने बावन्न. लाकूड कापणारा म्हणाला होता, परवानगीचं बघून घेऊ. असं 'बघून घेऊ' करून रात्रीतून कापलेली झाडं मी पाहिली आहेत. सकाळी ओंडका ट्रॅक्टरवर असतो आणि घरमालकाच्या नावावर गुन्हा. हा मार्ग आम्ही पहिल्याच दिवशी बंद केला.

आणि सावली. मे महिन्यात सकाळी साडेदहाला मी भिंतीचं तापमान घेतलं. पूर्वेची तीच भिंत, लिंबाच्या सावलीत ३५ अंश, सावलीबाहेरच्या भागात ४६. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, परभणीत दुपारी वीज जाते. झाडाच्या धोक्याबद्दल बोलताना उन्हाचा धोका आपण मोजतच नाही, कारण ऊन छपरावर धाडकन पडत नाही. मला तो तितकाच खरा वाटतो.

दिवाळीतली बैठक

२०२४ च्या दिवाळीत सगळे जमलो. पाडव्याच्या दुपारी ओट्यावर बसून मी वही पुढे ठेवली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्यासाठी म्हणून कापू नका आणि माझ्यासाठी म्हणून ठेवू पण नका. मी आहे किती दिवस. घराला काय बरं ते करा." वहिनीने मग जो प्रश्न विचारला, त्याने बैठक पुढे सरकली: "धोका आईंच्या खोलीला आहे ना? मग आत्ता आई दुसऱ्या खोलीत झोपल्या तर?"

माझ्या लक्षात हे आलं नव्हतं, याचं आजही आश्चर्य वाटतं. झाड पडण्याचा धोका तसाच राहिला तरी खाली कुणी झोपलेलं नसेल, तर आपल्याला विचार करायला आणि मापं घ्यायला वेळ मिळतो. त्याच रात्री पलंग पश्चिमेच्या खोलीत गेला.

मग ठरलं ते असं. लिंब ठेवायचा, पण अटींवर, आणि अटी लिहून. उन्हाळ्यातलं माप ८ मिलिमीटरच्या वर गेलं, किंवा पायथ्याशी अळंबी उगवली, किंवा ओळंब्याचं टोक खुंटीपासून चार बोटं सरकलं, यातलं एकही झालं तर वृक्ष अधिकाऱ्याकडे काढण्याचा अर्ज करायचा आणि मग पुन्हा वाद घालायचा नाही. दादाने कागदावर सही केली, मीही. त्याला झाड नको होतं आणि मला हवं होतं, तरी या ओळींवर दोघांचं एकमत झालं. जिवाला तातडीचा धोका दिसला तर कायद्यात वेगळी वाट आहे, तीही कागदावर लिहून ठेवली.

कामं

डिसेंबरमध्ये छाटणीचा अर्ज दिला आणि परवानगी आल्यावर जानेवारीत छाटणी केली. शेंडा मारला नाही. शेंडा मारलेल्या झाडाला त्या जागी झुपक्याने कोंब फुटतात, त्यांची पकड वरवरची असते आणि पुढे तेच तुटतात. वाळलेली फांदी आणि स्लॅबवर आलेल्या दोन फांद्या काढल्या, खालून अर्धी चीर देऊन, मग वरून, मग उरलेला खुंट सालीच्या कड्याजवळ, कड्याला धक्का न लावता. जखमांवर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट. एकूण पाल्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त काही काढलं नाही.

बुंध्याभोवती दोन मीटरपर्यंतचे पेव्हर उचलले. खालची माती चार वर्षांत इतकी दाबली गेली होती की पाणी ओतलं तर ते वरच्यावर थांबत होतं. ती हाताच्या काट्याने हलकी केली, वर लिंबाचाच पाला अंथरला. गल्लीच्या बाजूला, जिथे मुळं आधीच तुटली होती, तिथे शोषखड्डा घेऊन गच्चीचं पावसाचं पाणी त्यात सोडलं. वॉशिंग मशीनचं शेवटचं, साबण निघून गेल्यानंतरचं पाणी पुन्हा लिंबाकडे वळवलं, घराच्या नव्हे तर झाडाच्या पलीकडच्या अंगाला, भोकं पाडलेल्या पाइपाने. मुळांना तिकडे जायला कारण मिळावं म्हणून. घराच्या भिंतीला लागून चार फुटांचा पट्टा मात्र उलट बंद केला. वरवर अर्धा फूट माती काढून मुरूम, त्यावर प्लास्टिक, त्यावर बाहेर उतार असलेलं काँक्रीट. पायाजवळची ओल उन्हाळ्यात उडू नये आणि पावसात एकदम वाढूही नये. ड्रेनेजचा पाईप पीव्हीसीचा केला. सगळा खर्च साठ हजारांच्या आसपास. त्यातला मोठा हिस्सा पाइपाचा आणि काँक्रीटचा, जो झाड कापलं असतं तरीही करावाच लागला असता.

भेग भरली नाही. हलणारी भेग सिमेंटने भरली की ती शेजारी नवी वाट शोधते. आईला ते बघवत नव्हतं, तिने तिथे कॅलेंडर लावलं.

पुढचं वर्ष

गुढीपाडव्याला लिंब नेहमीसारखा मोहरला होता. गल्लीतले लोक गुढीसाठी डहाळी न्यायला आले. तोडलेल्या मुळांच्या बाजूला पालवी अजून विरळ आहे, पण त्या बाजूलाही फुटली.

१० मे २०२५ चं माप ३.९. आदल्या वर्षी याच सुमारास ६.१ होतं. हा आकडा मी दादाला कळवला तेव्हा सोबत हेही लिहिलं की या वर्षी अवकाळी पाऊस लवकर आला, त्यामुळे कामांचा गुण किती आणि पावसाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. एक पूर्ण कोरडा उन्हाळा या घराने नव्या व्यवस्थेत अजून काढलेला नाही. ओळंब्याचं टोक खुंटीवर आहे. पायथ्याशी काही उगवलेलं नाही. बोदा भाग तेवढाच आहे. दर तीन महिन्यांनी आई स्वतः धोपाटण्याने ठोकून बघते आणि फोनवर मला आवाज ऐकवते.

तिची खोली अजून पश्चिमेचीच आहे. पूर्वेची खोली आम्ही धान्याला आणि पाहुण्यांच्या सामानाला दिली. छाटणी झाल्यावर तिने परत जाण्याचा हट्ट एकदा केला, दादाने नाही म्हटलं आणि मी त्याच्या बाजूने बोलले.

२०२५ च्या दिवाळीला दादा आला. अंगणात येऊन त्याने आधी वर बघितलं, मग शेजारच्या मुलाकडून कॅलिपर मागून घेतला. स्टुलावर उभं राहून दोनदा लावला. २.३. सप्टेंबरचा पाऊस दांडगा होता, त्यामुळे एवढं येणारच होतं, ते त्यालाही ठाऊक होतं. त्याने वहीत आकडा लिहिला, तारीख घातली आणि मोबाईलवर १० मे २०२६ ची आठवण लावून ठेवली.